मनोहररावांच्या फियाटचा रुबाब

"स्पेसर म्हणजे काय, हे अख्ख्या धरमपेठेत एकट्या मला माहीत आहे!"

मनोहररावांनी हे जाहीर केलं तेव्हा पुष्पलताबाई संत्र्याची बर्फी ताटात थापत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. अख्ख्या धरमपेठेत एकट्या नवऱ्यालाच माहीत असलेल्या गोष्टींची त्यांना सवय झाली होती. मागच्या खेपेला ती गोष्ट म्हणजे विहिरीचं पाणी उन्हात ठेवून गोड करायचं शास्त्र होतं. आठवडाभर सगळ्या घराला जुलाब!

"हे पहा!" मनोहररावांनी एक जाडजूड लोखंडी चकती थेट बर्फीला खेटून ठेवली. "चाक आणि गाडी यांच्या मधे ही बसवायची. चाक दोन इंच बाहेर येते. कधी बसवायची? तर टायर रुंद घेतला आणि तो आतून घासायला लागला, की मगच! शास्त्र आहे हे."

"आपला टायर घासून राहिला का?"

"छे!"

"मग रुंद घेतला?"

"नाही, जुनाच आहे."

"मग काहून बसवता?"

मनोहररावांनी बायकोकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रुबाब! समोरच्या महादेवरावाची अँबेसेडर कशी उभी राहते, ऐसपैस! आणि आपली फियाट? बिनतिकिटाच्या माणसासारखी अंग चोरून! आणि बसवता काय म्हणतेस, बसवून आलो! गल्लीतल्या लहानू मिस्त्रीनं लेथवर करून दिल्या. चारही चाकांना चार. ही पाचवी, स्टेपनीची!"

"आज? आजच सुचलं तुम्हाले?"

आजचा दिवस देवकीचा होता. देवकी ही पुष्पलताबाईंची धाकटी बहीण. आईवडील गेल्यापासून ती बहिणीकडेच राहत होती आणि शाळेत शिकवत होती. मौद्याच्या जिजाबाईंचा मुलगा तिला पसंत करून गेला होता, आणि देवकीचाही जीव त्याच्यावर बसला होता. अडलं होतं फक्त जिजाबाईंपाशी. ही बाई हुंडा मागत नसे, रंग बघत नसे. ती मुलीच्या घरच्यांची डोकी तपासायची! येड रक्तातून येते, हे तिचं ठाम मत. भिवापूरचं एक चांगलं स्थळ तिने मुलीचा मामा उलटा स्वेटर घालून बसला होता, एवढ्यावरून मोडलं होतं. आणि अशा बाईला आज एसटी स्टँडवरून घरी आणणार कोण? तर मनोहरराव!

"त्यांना रिक्षानं आणा हो," पुष्पलताबाई काकुळतीला आल्या.

"दारात फियाट असताना रिक्षा? तू पोह्यांकडे लक्ष दे!"

गाडी खरंच दाराबाहेर रस्त्यावर उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावी म्हणून मनोहररावांनी ती सकाळपासून आत घेतलीच नव्हती. आत घ्यायची तर फाटकापुढची नाली ओलांडावी लागे. त्यासाठी नालीवर दोन लोखंडी पट्ट्या नुसत्याच टाकून ठेवलेल्या होत्या. डावी चाकं एका पट्टीवरून, उजवी दुसरीवरून. फियाटच्या चाकांचं माप घेऊन त्या अंथरल्या होत्या खुद्द मनोहररावांनी. ज्या माणसाने पट्ट्या मापल्या, त्याच माणसाने चाकं बाहेर काढली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, पण त्यांची आपसात भेट म्हणून नाही! अशीही डोकी असतात. आणि सरकार त्यांना सुपरवायझर करतं!

दुपारी हॉर्न वाजला. पुष्पलताबाई फाटकाशी धावल्या. मागच्या सीटवर जिजाबाई भारदस्तपणे बसल्या होत्या. शेजारी त्यांचे दीर बापूजी, हडकुळे आणि गप्प. मनोहररावांनी महादेवरावांच्या खिडकीकडे एक नजर टाकली, झोकात वळण घेतलं, आणि...

धप्प!

उजवं चाक पट्टीवरून घसरून नालीत गेलं. गाडी कलंडली, जिजाबाई सरकल्या आणि बापूजी दिसेनासे झाले.

"वहिनी, उठा!" खालून आवाज आला.

गल्ली गोळा झाली. जिजाबाईंना बाहेर काढलं, मग बापूजी सापडले. जिजाबाईंनी पदर सारखा केला आणि चाकांकडे निरखून पाहिलं.

"हे चाकं काहून असे बाहीर आले गा?"

"स्पेसर आहेत, मावशी!" मनोहररावांचा चेहरा उजळला. "टायर रुंद घेतला आणि तो आतून घासायला लागला, तर..."

"घासत होता का?"

"नाही."

"मंग?"

मनोहरराव रुबाबाचं काही सांगायच्या आत पुष्पलताबाईंनी जिजाबाईंना हाताला धरून घरात नेलं. जिजाबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. भिवापूरला स्वेटर पाहूनसुद्धा त्या अशाच गप्प झाल्या होत्या म्हणे!

गल्लीतल्या माणसांनी फियाट उचलून बाहेर काढली आणि ढकलत घरामागे नेऊन ठेवली. उचलणाऱ्यांत लहानूही होता. हा लहानू गिऱ्हाइकाने चौकोनी चाक मागितलं तरी नाही म्हणणारा नव्हता. पुष्पलताबाईंनी त्याला मागच्या दाराशी गाठलं.

"चारही चकत्या काढा! आत्ताच्या आत्ता! आणि ह्यांना एक शब्द सांगू नका."

"काढतो ना बाई. चकत्यांसाठी लांब बोल्ट लावले होते, जुने डिकीतच हायेत."

पुष्पलताबाईंना जरा हायसं वाटलं. पोहे बशांत गेले. देवकी बाहेर आली, बसली.

"वर्गात पोट्टे दंगा करतेत तं तू काय करतेस वं?" जिजाबाईंनी विचारलं.

"सगळ्यात दांडगा असतो त्यालेच मॉनिटर करते."

जिजाबाई चक्क हसल्या! "पोरगी डोक्याची हाय. पन..." आणि त्यांनी मनोहररावांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हात धुऊन येतो म्हणून गेलेले मनोहरराव बराच वेळ आलेच नव्हते. आले ते घामाघूम आणि भलतेच खूश. हात धुतलेले तर मुळीच नव्हते. पुष्पलताबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्या पोहे वाढत होत्या.

निघायची वेळ झाली. जिजाबाई गाडीपाशी अडल्या. "पुन्हा यातच बसू?"

"आता काही होत नाही, मावशी!" नवराबायको एका सुरात म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मनोहररावांनी गाडी मागे घेतली. धप्प!

"वहिनी, उठा!"

या खेपेला मागचं चाक पट्टीच्या आतल्या बाजूने नालीत गेलं होतं. पुष्पलताबाईंनी वाकून पाहिलं. दोन्ही पट्ट्या चांगल्या दोन-दोन इंच बाहेर सरकल्या होत्या.

"पट्ट्या तुम्ही सरकवल्या?"

"अर्थात! गाडी रुंद, तर वाटही रुंद! शास्त्र..." मनोहररावांचं लक्ष चाकाकडे गेलं. "माझ्या चकत्या कुठं गेल्या?"

लहानू घराकडे चालता झाला. पुष्पलताबाईंनी ते पुढे जन्मात सांगितलं नाही.

जिजाबाई दुसऱ्यांदा नालीतून वर आल्या. पायाला चिखल, आवाजात बर्फ. दारात देवकीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"बाई, एक सांग," जिजाबाई पुष्पलताबाईंना म्हणाल्या. "हे येड तुमच्या रक्तात किती पिढ्यांचं हाय?"

पुष्पलताबाईंनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग कमरेला पदर खोचला आणि महादेवरावांच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या रक्तात नाही हो मावशी! हे माझ्या सासरचे! आमच्या माहेरच्या रक्ताचा एक थेंब नाही यांच्यात!"

जिजाबाईंनी बोटांवर नातं मोजलं. "जावई हाय म्हना की हा! तुमचा कोनीच नाही!" त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मंग काय बिघडलं? पोरगी पसंत हाय. साक्षगंधाची तारीख काढा! अन् बापूजी, तुमी रिक्षा आना."

देवकीने बहिणीच्या गळ्यात मिठी मारली. दोघीही रडल्या, मग दोघीही हसल्या. आता निदान नवऱ्याला आपलं बोलणं लागलं असेल, दोन दिवस तरी तो गप्प बसेल, अशी पुष्पलताबाईंना भाबडी आशा वाटली.

संध्याकाळी मनोहरराव महादेवरावांच्या खिडकीखाली, स्टेपनीची ती पाचवी चकती बोटावर फिरवत उभे होते.

"स्पेसर कधी बसवायचे, ठाऊक आहे का महादेवराव? टायर आतून घासत असेल तेव्हा. नाहीतर मेहुणीचं लग्न अडलं असेल तेव्हा! आजच अनुभव घेतला!"