मंगलमावशींच्या पापण्या

मंगलमावशी समोर आल्या की आधी तुमचा वास घेतात. कसं काय, जेवण झालं का, हे सगळं नंतर. आधी मान किंचित पुढे येते, नाकपुड्या फुगतात, डोळे अर्धवट मिटतात आणि निकाल लागतो. "चमेलीचं तेल. कालचं हाय." किंवा नुसतंच, "पावडर."

आम्ही पुनावळ्यात राहायला आलो त्या दिवशी त्या शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि हुंगायला लागल्या. मला वाटलं, आमच्याकडे गॅस गळतोय. मी धावत जाऊन शेगडी बघून आले. परत येते तर त्या शांतपणे म्हणाल्या, "गॅस न्हाई गं. तू क्रीम लावलंय तोंडाला. गुलाबाचं." आणि वाटी माझ्या हातात देऊन समोरच्या फ्लॅटमध्ये निघून गेल्या.

आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती मावशींच्या सासरची. पार्किंगमध्ये गाडी लावताना त्या अजूनही सांगतात, इथं आमचा गोठा होता, तिथं चिंच होती, आणि तू उभी आहेस तिथं सासूबाई मला बोलायच्या. खाली रस्त्याला लागून त्यांची पिठाची गिरणी आहे. ती नाना चालवतात. नाना म्हणजे मावशींचे यजमान. उंच, किडकिडीत, पूर्ण टकले आणि बारा महिने पिठाने पांढरे. बोलणं इतकं कमी, की गिरणी बंद पडली तरी लोकांना ते गप्प झाल्याचा भास होतो.

मावशींच्या हुंगण्यामागे नोकरी होती, हे मला नंतर कळलं. चाकणच्या एका कंपनीत, जिथे मोटारसायकलच्या टाक्या रंगवतात, तिथे पेंट शॉपमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ताज्या रंगाला क्रीम, तेल, अत्तर यांचं वावडं असतं. एखाद्या पोरीनं गालाला काहीतरी चोपडलेलं असलं आणि तिचा हात टाकीला लागला की त्या जागी रंग फाटतो, बारीक खड्डे पडतात, आणि सगळी टाकी पुन्हा घासायला जाते. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकीनं तोंड धुऊन, काहीही न लावता जायचं, असा नियम. आणि त्या नियमाच्या दारात मंगलमावशी उभ्या.

तिथल्या पोरी सांगतात, मावशींसमोरून काजळ लपवून नेणं म्हणजे मांजरासमोरून दूध नेणं. एकीनं नव्या लग्नातलं अत्तर कानाच्या मागे लावलं होतं. मावशींनी तिला रांगेतून बरोबर बाहेर काढलं आणि सांगितलं, "तुझा नवरा खूश असंल, पण माझी टाकी रडंल." पोरी हसायच्या, चिडायच्या, तोंड धुऊन यायच्या. नियम दुसऱ्यांना लावायचा तर स्वतःला आधी, म्हणून मावशींनीही तेव्हापासून तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही नाही. सवय मोडली तर हात खोटा होईल, म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी पोरींनी त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि वर एक चपटी, जड, तपकिरी डबी. ती घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या. चॉकलेट असेल असं त्यांना वाटलं होतं आणि नानांना गोड चालत नाही.

मी डबी उघडली आणि आधी हात पुसून घेतले. आयशॅडोचं पॅलेट होतं, आणि तेही इतक्या बड्या परदेशी कंपनीचं, की मी स्वतः ते मॉलमध्ये काचेबाहेरून बघते आणि पुढे जाते. आत एकामागून एक उबदार रंग मांडले होते. वीट, तांबं, गंज, मध, जळका नारिंगी, सोनं. सोबत पोरींची अट सांगणारी चिठ्ठी होती: आपल्यातल्या पूनमच्या साखरपुड्याला हे डोळ्यांना लावून यायचं, नाहीतर दारातूनच तोंड धुवायला परत पाठवू.

मावशींनी चिठ्ठी ऐकली आणि डबीचा वास घेतला. मग म्हणाल्या, "बारीक दळलंय. नानांनाबी असं जमायचं न्हाई."

रंगांना मागच्या बाजूला इंग्रजी नावं होती. मी वाचायला लागले, पण मावशींनी हातानेच थांबवलं. त्यांची नावं आधीच ठरली होती. हा काळा गूळ. ही करपलेली भाकरी. ही कांदालसणाची चटणी, ही कौलं. एका फिकट, धुरकट रंगाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही आपली चाकण चौकातली धूळ, हिच्यासाठी परदेशात कशाला जायचं.

दुसरं कोणी असतं तर बोट बुडवलं असतं आणि पापणीला लावलं असतं. मावशींच्या शास्त्रात ते बसत नव्हतं. रंग आधी नमुन्यावर मारायचा, उन्हात बघायचा, सावलीत बघायचा, आणि मगच मालावर. "आधी ट्रायल" हा त्यांचा मंत्र आहे. नवी चहापूड आली तरी आधी अर्धा कप करतात. त्यासाठी आम्ही त्यांच्या फ्लॅटवर आलो, तिथे ऊन चांगलं येतं. प्रश्न होता नमुन्याचा. माझा हात पुढे केला तर म्हणाल्या, सपाट आहे, पापणीला गोलाई असते. त्यांची नजर घरभर फिरली आणि गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या नानांच्या टकलावर थांबली.

मी नको नको म्हणत होते. मावशींनी ओल्या फडक्याने टक्कल पुसलं, मग कोरड्याने पुसलं, फुंकर मारली, आणि एकापाठोपाठ एक पट्टे ओढायला सुरुवात केली. नानांनी फक्त पेपरचं पान उलटलं. ऊन त्या टकलावर असं काही पडलं होतं की खरं सांगते, रंग फार सुरेख दिसत होते. आम्ही दोघी मागे उभ्या राहून माना वाकड्या करून बघत होतो. मग मावशींना फोन आला, मी चहा टाकायला गेले, आणि तेवढ्यात गिरणीवर दळण घेऊन गिऱ्हाईक आलं म्हणून नाना उठून खाली गेले.

ते बऱ्याच वेळाने वर आले. तोवर सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी फोन करून मावशींना जपून विचारलं होतं की नानांची तब्येत बरी आहे ना, डोक्याला काही लागलं आहे का. गिरणीवर आलेल्या बायकांनी मात्र काही विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, कसलंतरी देवाचं असेल. एकीने तर वाकून नमस्कार केला होता आणि नानांनी तिला आशीर्वादही दिला होता.

मी हसून हसून खाली बसले. मावशी हसता हसता नानांचं डोकं पुसत होत्या. मी नानांना विचारलं, यातला कुठला रंग मावशींना लावू. नाना म्हणाले, "सगळं चांगलंच हाय." मला वाटलं, वाह, याला म्हणतात मुरलेला नवरा.

साखरपुडा रविवारी होता. शनिवारी दुपारी मी मावशींना त्यांच्या घरी खिडकीपाशी बसवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग खोटं बोलतो, हे त्यांनी मला बजावलं होतं. डोळे मिटा म्हटलं तर त्यांनी ते असे घट्ट मिटले की जणू मी इंजेक्शन देणार आहे. ब्रश टेकला की पापणी थरथरायची. मध्येच त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं की आई गेल्यापासून आपल्या तोंडाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. ते त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी हात आणखी हलका केला.

एका डोळ्याला मी विटेचा रंग लावला आणि कडेला गंजाची छटा दिली. दुसऱ्याला नुसतं तांबं. मावशींचा रंग सावळा, डोळे मोठे आणि पापण्या वयाने थोड्या उतरलेल्या. विटेचा रंग त्यांच्यावर असा खुलला की मी स्वतःच्या कामावर खूश होऊन गेले. आरसा दिला. त्या आरशात बघत राहिल्या. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली, मग हळूच एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. गावातल्या बाया हसतील का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, जळतील.

त्यांनी नानांना हाक मारली. नाना दारात आले. मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि काहीच न विचारता डोळे मिटले. नानांनी बघितलं, मान डोलावली, म्हणाले चांगलं आहे, आणि पिठाचा डबा घेऊन खाली गेले.

मावशी आत गेल्या आणि नळ सोडून तोंड धुवायला लागल्या. मी धावत गेले. इतका छान रंग बसला होता, पुसता कशाला, मी विचारलं. त्यांनी पदराने तोंड टिपलं, दार लोटलं आहे का ते बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना तांबडं दिसत न्हाई."

मला समजलं नाही. मग त्यांनी ओट्याला टेकून सांगितलं. कंपनी नवी आली तेव्हा गावातून दोघंही नोकरीला गेले होते. नानांचाच जास्त उत्साह होता, नवी चप्पल घेतली होती. डॉक्टरनं एक पुस्तक समोर धरलं, रंगीत ठिपक्यांचं, आणि विचारलं, यात आकडा कुठला. मावशी भराभर आकडे सांगत गेल्या. नाना पुस्तकाकडे बघत राहिले. त्यांना नुसते ठिपके दिसत होते. त्या दिवशी दोघांनाही पहिल्यांदा कळलं, की लाल आणि हिरवा हे नानांना एकसारखेच मातकट दिसतात. मावशींना पेंट शॉप मिळालं. नाना परत आले आणि त्यांनी चुलत्याची गिरणी घेतली. तिथे सगळं पांढरंच.

भावकी म्हणाली, बायकोच्या जिवावर बसलाय. नानांनी ते ऐकून घेतलं, पण खरं कारण कुणाला सांगू दिलं नाही. शेतकऱ्याच्या पोराला पिकलं कच्चं ओळखता येत नाही म्हणून हसतील, म्हणाले. तेव्हापासून मावशी सकाळी त्यांचा शर्ट काढून ठेवतात. बाजारात टोमॅटो घेताना कोपराने हळूच ढोसतात, हा नको, तो घ्या.

"लग्नात मी लालभडक शालू नेसले होते," मावशी म्हणाल्या. "नंतर एकदा विचारलं, कसा दिसला. म्हणाले, बरा होता, मातीसारखा."

आणि त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मग त्यांनी डबी उघडली आणि कोपऱ्यातल्या सोनेरी रंगावर बोट ठेवलं. ट्रायलच्या दिवशी गिरणीवरून आल्यावर नानांनी मोरीतल्या आरशात आपलं डोकं पाहिलं होतं आणि सगळ्या पट्ट्यांतल्या एकाच पट्ट्याला हात लावून विचारलं होतं, ह्यो चमकतोय तो कुठला. तोच आपल्याला लाव, मावशी म्हणाल्या. मी सांगून पाहिलं की त्यांच्या रंगाला तो जरा भडक होईल, दिवसाच्या कार्यक्रमाला शोभणार नाही. मावशींनी ते ऐकून घेतलं, जसं त्या रांगेतल्या पोरींचं ऐकून घेत असतील. मग खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि डोळे मिटले. या वेळी पापणी अजिबात थरथरली नाही.

हे सगळं मी नानांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणाले, लिही, आता मला कोण नोकरीला ठेवणार हाय.

साखरपुडा चाकणजवळ, पूनमच्या घरासमोरच्या मांडवात होता. मांडवाच्या दाराशी पोरींनी मावशींना असा गराडा घातला की नवरी मुलगी एकटीच पाटावर बसून राहिली. मग तीही उठून आली. कुणी फोटो काढत होतं, कुणी मावशींच्या हनुवटीला धरून चेहरा उन्हाकडे वळवत होतं. एक पोरगी रडायलाच लागली, तर मावशी तिला दटावून म्हणाल्या की रडू नको, तुझं काजळ उतरलंय, आणि आपल्या पदराच्या टोकाने तिचा डोळा नीट करून दिला.

जेवणाच्या वेळी आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. तिथे कनातीच्या फटीतून ऊन येत होतं. नानांच्या मांडीवर ताट होतं आणि घास हातातच राहिला होता. शेजारी मावशी बसल्या होत्या, नवी साडी सावरून, आणि सारखे डोळे मिटत होत्या. मिटायच्या, जरा थांबायच्या, हळूच उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला. मी वाकून विचारलं, पाणी आणू का.

"नको," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. "त्यांना बघू दे."