शिंगाडे सरांचा खुंटा

आमच्या महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची तयारी बॅनरपासून सुरू होत नाही. ती खुंट्यापासून सुरू होते. बाभळीचा, हातभर लांब, खालून टोक काढलेला खुंटा. अर्थशास्त्राचे शिंगाडे सर तो वर्षभर आपल्या विभागातल्या कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बगलेत छत्री धरावी तसा तो धरून ते बाहेर येतात, गेटच्या आतल्या लिंबाखाली जागा दाखवतात आणि आमचे शिपाई गफूरभाई हातोडा घालतात.

"अजून एक. अजून. हां, बराबर."

मग सर त्या खुंट्याला दावं बांधतात आणि स्वतः ओढून पाहतात. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, या गृहस्थांनाच कुणीतरी बांधून ठेवलं आहे.

मी इथं वनस्पतिशास्त्र शिकवते. नोकरीला लागले त्या वर्षी स्वागत समितीची सचिव म्हणून माझं नाव घातलं गेलं आणि ते काढायचं पुढे कुणाला सुचलं नाही. निमंत्रक अर्थातच शिंगाडे सर. पहिल्याच बैठकीत मी वहीत विषय लिहून घेत होते: बॅनर, पुष्पगुच्छ, प्रोजेक्टर, चहा. सर म्हणाले, "खुंटा ऱ्हायला."

मला वाटलं, कुणा वक्त्याचं आडनाव असेल. मी विचारलं, "ते कुठले?"

सगळी बैठक हसली. सर हसले नाहीत. समजूत घालावी तसं म्हणाले, "मॅडम, पालक जनावर घेऊन आला तर त्यानं ते कुठं बांधायचं? आधी सोय, मंग भाषण."

ही भोकरदनमधली, आजकालची गोष्ट आहे. आमच्याकडे पालक येतात ते मोटरसायकलवर, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये नाहीतर एसटीनं. मुलाच्या हातात मोबाइल असतो आणि बापाच्याही. जनावर घेऊन कॉलेजात आलेला पालक मी कधी पाहिला नव्हता. गफूरभाईंनीही नाही. तरी खुंटा दरवर्षी ठोकला जायचा, दिवसभर मोकळा राहायचा आणि संध्याकाळी उपटून, माती पुसून कपाटावर जायचा. एका वर्षी मंडपवाल्यानं फुग्यांच्या कमानीची दोरी त्याला बांधली. सरांनी ती सोडली. कमान आडवी झाली ती प्रमुख पाहुण्यांच्या गाडीवर. मंडपवाला भांडायला आला तर सर शांतपणे म्हणाले, "फुगा जनावर न्हाई."

सोय हा सरांचा आवडता शब्द. कार्यक्रमाच्या आधी ते सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून पाहतात. जी करकरते ती स्टेजवर पाठवतात, कारण त्यांच्या मते पाहुण्यांना अवघडून बसायची सवय असते, पालकांना नसते. माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणत नाहीत. "धावडा गावच्या मायबापहो, आवाज येऊन राह्यला का?" असं रिकाम्या खुर्च्यांना विचारतात आणि उत्तराची खरोखर वाट पाहतात. शेवटच्या रांगेतून मी 'येतोय' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. सभागृहाच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. ती कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. ती सरांच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

पण खरी करमणूक तालमीची. गेटवर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवक मुलांना शिकवायला सर स्वतः पालक होतात. डोक्याला टॉवेल गुंडाळतात, पँटचा एक पाय थोडा वर दुमडतात, आणि रस्त्याच्या पलीकडून बिचकत येतात. एकदा एका मुलानं त्यांना रुबाबात सांगितलं, "नाव नोंदवा आणि मागं उभे राहा."

सर तिथंच मांडी घालून बसले. "मागंच उभं राह्याचं असतं तर घरीच राह्यलो असतो की."

पोरगा घाबरला. "सर, मंग काय म्हणू?"

"म्हन, या आत. बस, एवढंच. पैल्या दिवशी माणूस आत आला पाह्यजे. बाकीचं नंतर पाहू."

एवढी सगळी मेहनत करून सर स्वतः पालकांपुढे जे भाषण करतात ते अगदी साधं असतं. पण त्यांना त्या भाषणाचा फार अभिमान. सफारी इस्त्रीची, छातीवर निमंत्रकाचा कागदी बिल्ला, आणि आवाज असा की लाइट गेली तरी अडत नाही. हे वर्ष त्यांचं नोकरीतलं शेवटचं, म्हणजे हे भाषणही शेवटचं.

नेमकं याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. आम्हाला नवे प्राचार्य आले आणि गेटपासून सभागृहापर्यंत पेव्हर ब्लॉक आले. लाल-पिवळे, नक्षीचे. प्राचार्यांना त्यांचं फार कौतुक. माणूस वाईट नाही, पण टापटिपीचा. पाहुण्यांच्या खुर्चीवरचा टॉवेलसुद्धा स्वतः सरळ करणारा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन पाहणी करायला निघाले, तर लिंबाखाली एक ब्लॉक उपटून बाजूला ठेवलेला, त्या भोकात खुंटा, आणि खुंट्याला बांधलेलं दावं ओढत असलेले आमचे ज्येष्ठ प्राध्यापक.

"सर, हे काय आहे?"

"सोय," शिंगाडे सर म्हणाले.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं. अशा वेळी वनस्पतिशास्त्र उपयोगी पडतं.

"उद्या विद्यापीठातून पाहुणे येणार आहेत," प्राचार्य म्हणाले. "त्यांना आपण खुंटा दाखवायचा? इतक्या वर्षांत याला कुणी काही बांधलंय का?"

"न्हाई."

"मग असं करू. उद्याही कुणी काही बांधलं नाही, तर हा खुंटा कायमचा काढायचा आणि ब्लॉक परत बसवायचा. तुम्ही रिटायर झाल्यावर तरी तो इथं कोण ठोकणार?"

मला वाटलं, सर वाद घालतील. ते अर्थशास्त्राचे, वाद घालणं हा त्यांचा विषय. पण ते दाव्याची गाठ पुन्हा आवळत म्हणाले, "मान्य. बिलकुल मान्य." त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो खुंटा हसण्यासारखा वाटला नाही. का, ते मला सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की उद्या कुणीतरी काहीतरी घेऊन यावं, निदान एखादी कोंबडी.

दुसऱ्या दिवशी सर सकाळपासून सभागृहात कमी आणि गेटवर जास्त. पालक येत होते, स्वयंसेवक 'या आत' म्हणत होते, माणसं खरोखर आत जात होती. मोटरसायकलींनी लिंबाची सावली भरली. खुंट्याभोवती मात्र सरांनी कुणाला गाडी लावू दिली नाही. पाहुणे आले, त्यांनी खुंट्याकडे पाहिलं, सौजन्यानं काही विचारलं नाही. दीपप्रज्वलन झालं. प्राचार्यांनी मला खूण केली की निमंत्रकांना बोलवा, त्यांचं भाषण आहे.

मी बाहेर आले तेव्हा गेटसमोर एक जीप थांबली होती. तिच्यातून नव्या ड्रेसमधली एक मुलगी उतरली, तिच्यामागून तिची आई, आणि आईच्या मागून एक शेळी. काळी, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेली, दिवस भरत आलेली.

गफूरभाई हातातला चहा तसाच धरून पाहत राहिले. मी अशी खूष झाले की जणू ती शेळी मीच मागवली होती.

बाई खजील होऊन सांगत होती, "घरी कोणीच न्हाई हो भाऊ. आज-उद्या व्यायची आहे. एकटीला टाकून येता येईना. पोरीला सोडते आन् जाते मी माघारी."

"माघारी कशाला?" सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सोय आहे ना. या आत." आणि त्यांनी स्वतः शेळीची दोरी घेतली, लिंबाखाली नेली, खुंट्याला गाठ मारली. मला वाटलं, आता ते मिशीतल्या मिशीत हसतील, प्राचार्यांना बोलावतील, निदान माझ्याकडे तरी बघतील. ते गाठीकडे पाहत होते.

"झालं," ते बाईला म्हणाले. "आता जा तुम्ही पोरीसंगं."

बाई जागची हलली नाही. शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "खुंट्याला बांधलं म्हणून काय झालं, भाऊ? अडली-नडली तर जवळ माणूस पाह्यजे ना. तू जा पोरी आत. मी हितंच हाये."

मुलगी आईकडे बघत उभी राहिली. सरही उभे राहिले. एवढ्या वर्षांची त्यांची सोय त्या बाईनं एका वाक्यात अपुरी ठरवली होती, आणि तिचं बरोबर होतं. माझ्या माहेरी, परतूरला, गोठा आहे. व्यायला आलेल्या जनावराला खुंट्याच्या भरवशावर कुणी सोडत नाही.

सरांनी खाली बसून ब्लॉकवरची पानं हातानं झाडली आणि इस्त्रीच्या सफारीनिशी शेळीशेजारी मांडी घातली.

"जा आई," ते म्हणाले. "मी बसतो. माझं सगळं लहानपण यांच्यातच गेलं. मला कळतंय. जा तुम्ही आत."

बाईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा शेळीकडे पाहिलं, आणि तिला काय पटलं कोण जाणे, पदर सारखा करून ती लेकीबरोबर सभागृहाकडे चालू लागली.

"सर, तुमचं भाषण," मी म्हटलं.

"प्राचार्यांना म्हनावं, तुम्हीच दोन शब्द बोला."

"शेवटचं वर्ष आहे सर. तुम्ही जा, मी बसते शेळीपाशी."

सरांनी मान हलवली. मग शेळीची पाठ खाजवत, तिच्याशीच बोलावं तसं बोलले. "कॉलेजच्या पैल्या दिवशी मला ह्याच गेटपर्यंत बापानं आणलं. तवा आमच्या मेंढरांचा तळ हितंच शिवारात होता. मेंढरं कोणापाशी ठेवायची? तर सगळा कळप घेऊनच आल्ता. गेटवरच्या माणसानं आत येऊ दिलं न्हाई. बाप म्हनला, जा तू, मी हितंच हाये. मी गेलो. बाहेर आलो तर कोणीच न्हाई. कुणाच्या तरी पिकात मेंढरं शिरली, लोकांनी हाकललं. मंग पुना कधी आलाच न्हाई तो. मी मास्तर झालो तवा राह्यला नव्हता."

आमच्या शेतात दरवर्षी खतासाठी मेंढरं बसायची. मला राहवलं नाही. "पण सर, मेंढरं काही खुंट्याला बांधत नाहीत."

"न्हाई बांधत," सर म्हणाले. "मला ठाऊक न्हाई का ते? खुंटा असता तरी त्याला आत येता आलं नसतं. मी म्हनायला पाह्यजे होतं, की मी थांबतो बाहेर, तू पाहून ये. थोडा वेळ तर लागला असता." त्यांनी शेळीची दोरी थोडी सैल केली. "पण मी आत गेल्तो. दर वर्षी मीच आत जातो, मॅडम. आज न्हाई."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि सरांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात शेळीनं मान लांब करून त्यांच्या छातीवरचा निमंत्रकाचा बिल्ला ओढून काढला आणि चावायला सुरुवात केली. सरांनी तिला खाऊ दिला.

आत प्राचार्यांनी दोन शब्दांचे बरेच शब्द केले. कार्यक्रम संपल्यावर ते पाहुण्यांना पोचवून लिंबाखाली आले. खुंटा पाहिला, शेळी पाहिली, खाली बसलेले शिंगाडे सर पाहिले. उपटून ठेवलेला ब्लॉक तिथंच पडला होता, तो त्यांनी उचलला आणि गफूरभाईंना म्हणाले, "हा माझ्या केबिनमध्ये ठेवा. इथं नाही लागणार."

मग ती बाई बाहेर आली. शेळी जशीच्या तशी आहे हे आधी पोटावर हात फिरवून पाहिलं, मग दोरी सोडायला वाकली. सर म्हणाले, "थांबा आई. आधी सांगा, आत काय काय पाह्यलं?"

"लई मोठी खोली हाये भाऊ," बाई म्हणाली. "पंखेच पंखे. पोरीला पुढं बसवलं, मला तिच्या बाजूला. खुर्चीवर."

"खुर्ची बरी होती का?"

"चांगली होती. हालत नव्हती."

"अजून?"

"पोरी-पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या."

"अजून सांगा," सर म्हणाले. ज्या सभागृहातली प्रत्येक खुर्ची त्यांनी स्वतः बसून पाहिली होती, त्या सभागृहाविषयी ते मान वर करून, लहान मुलासारखे ऐकत होते. बाईलाही घाई नव्हती. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि दारापासून सुरुवात करून सगळं सांगू लागली.