गांडुळांना तेराव्याचं जेवण

आबांच्या तेराव्याची शेवटची पंगत उठली, तेव्हा गोजराआत्यांच्या ध्यानात आलं, की घरात अजून हजारभर तोंडं उपाशी आहेत.

ती आबांची गांडुळं. सत्याऐंशी साली शेतकी कॉलेजातून पत्र्याच्या डब्यात आणलेली. मागच्या पडवीत एका लाकडी खोक्यात शेण, देठं, केळीची सालं खाऊन ती परसातल्या वांग्यांना खत पुरवत. भरे गावात अशी जनावरं पाळणारे आबा एकटेच. त्यांचं घड्याळ, छत्री, सायकल सगळ्यांनाच हवं होतं. खोकं फक्त त्यांच्या मुलीला, चंद्रकलेला. उद्या ती ते सासरी नेणार होती.

ती पडवीत आली, तर आत्या खोक्यात पातेलंभर आमटी ओतत होत्या.

"आत्या, हे काय केलंत!"

"अगं, भावाच्या तेराव्याला त्याचीच जित्राबं उपाशी ठिवू व्हय?"

गांडुळं वळवळत वर आली. "ठसका लागला जनू," म्हणत आत्यांनी वर तांब्याभर ताक ओतलं. ताकात मीठ होतं. गांडुळं कडेवरून बाहेर पडू लागली. मीठ धुवायला चंद्रकलेनं बादली रिकामी केली, खोकं तुडुंब भरलं. गलका ऐकून आलेल्या हैबतमामांनी पाणी काढायला ते तिरकं केलं आणि भिजलेला तळच निखळला.

मग कोंबड्या आल्या.

"हाऽड! ह्यास्नी कुनी बोलावलं जेवायला?" मामा उपरणं फिरवत धावले.

कोंबड्या आवरेपर्यंत अर्धा तास गेला. चंद्रकलेनं सगळा ढीग बोटांनी उकरला. सात गांडुळं सापडली.

"गेली," ती म्हणाली.

आत्यांचं तोंड एवढंसं झालं. "माज्याच हातनं गं..."

दमलेले मामा पाणी प्यायला पडवीच्या कोपऱ्यातल्या रांजणाकडे वळले आणि तिथंच थबकले. "चंदे, हिकडं ये!"

रांजणाखालच्या ओल्या गोणपाटाची कड त्यांनी उचलली. खाली सगळा गोतावळा एकमेकांत गुंतून गारव्याला पडला होता.

"जित्ती हायेत?" आत्यांनी लांबूनच विचारलं.

"लोळत्यात की मजेत!"

आत्या मटकन खाली बसल्या. "अगदी माजा भाऊ! आमटी तिखट झाली, की पानावरनं उठायचा न् रांजनापाशी जाऊन बसायचा."

"आणि तिथून गूळ मागायचे," चंद्रकला म्हणाली. तिला हसू आवरेना.

आत्या डोळे पुसत लगबगीनं स्वयंपाकघराकडे निघाल्या. चंद्रकलेनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"आत्या, नको! ह्यांना नको!"