बारा शब्दांचा धवला

आमच्या तळवलीतला धर्मा मासळी घ्यायला गेला की आधी विचारणार, "बिटकॉईन घेतेस का गं?" कोलंबी विकणारी बाई त्याला ओळखते. मान वर न करता ती म्हणते, "घेतलं असतं दादूस, पन माझ्याकडे सुट्टे नायत." मग धर्मा समाधानाने रोख पैसे देतो.

धर्मा माझ्याच वयाचा. त्याला हे वेड त्याच्या पुतण्याने लावलं. जमिनीच्या पैशातले थोडे त्याने त्या नाण्यात टाकले, पुतण्या पुढे दुबईला गेला आणि वेड इथंच राहिलं. संध्याकाळी आम्ही खाडीच्या बांधावर बसतो. मी, धर्मा आणि हुसेनभाई. हुसेनभाईने जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे जे उघडून बघता येत नाही त्यावर त्याचा विश्वास नाही.

"कुठं हाय रे तुझा पैसा?" तो विचारतो.

धर्मा खाडीपलीकडे बोट करतो. "हवेत हाय. सगल्या जगात हाय."

"जे दिसत नाही आणि सगळीकडे असतं, त्याला आम्ही दुआ म्हणतो."

"तुझी दुआ विकता येते का? माझी येते."

मी चौथी शिकलेला, पण मिठागरात चाळीस वर्षं काढलीत. मी सरळ सांगितलं, "धर्मा, मीठ हातात येतं, चाटता येतं. तुझं हे नाणं चाटून दाखव."

 तो हळूच म्हणाला, "नाना, खाडीच्या पान्यात मीठ दिसतं का? नाय ना? पन हाय ना? ऊन लागलं का वर येतं. तसंच हाय हे."

मला ते पटलं, पण मी कबूल केलं नाही. आजही करणार नाही.

गेल्या वर्षी तो रेंज मिळावी म्हणून हात उंच करून बांधाच्या टोकाला उभा राहिला आणि फोन खाडीत गेला. नवा फोन घेतला तर तो बारा शब्द मागू लागला. इंग्रजी शब्द, ओळीने. एक जरी चुकला तरी नाण्याचं कुलूप उघडत नाही.

"मग लिहून ठेवले नाहीस?" हुसेनभाई ओरडला.

"कागद उंदीर खातात. मी सुभद्रेकडे ठेवलेले."

सुभद्रा त्याची बायको. तिला अक्षर येत नव्हतं, पण लग्नात रात्रभर धवले गायची आणि एक कडवं चुकायची नाही. साऱ्या गावाच्या लग्नांची ती धवलारीण. तिने ते बारा शब्द धवल्याच्या चालीत बसवले होते: "रिवरचे काठी लेमनबाय, टायगर आला बनाना खाय." पुढचं आम्हा तिघांपैकी कोणालाच येत नव्हतं. धवला बायकांनी गायचा, पुरुषाने तो तोंडी घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून धर्मानेही पाठ केला नाही. फोन बुडाला तेव्हा सुभद्रा जाऊन सहा महिने झाले होते.

आम्ही त्याला पुरतं वर्ष हसलो. मग एका दुपारी मला राहवेना. त्याच्या घरी गेलो.

"तिच्याबरोबर गाणाऱ्या बायांना विचार की."

"कशाला? तिच्या फोनात हाय गानं," धर्मा म्हणाला.

मी उडालोच. "मग अडलंय कुठं?"

"दोन शब्द नायत त्यात. वाशीला एक कॉम्प्युटरवाला भेटला. म्हनाला, दहा मिलाले तर उरलेले दोन मी काढतो. पन तिचं इंग्रजी त्याला नीट ऐकावं लागेल. फोन आठ दिवस ठेवून जा म्हनाला."

"अरे मग ठेव! घरावर मजला चढंल तुझा."

 त्याने भिंतीतल्या देवळीतून तिचा बटणांचा जुना फोन काढला. पुरता चार्ज केलेला होता. त्याने बटण दाबलं.

सुभद्रा गाऊ लागली. मी बोटं धरून मोजत होतो. रिवर, लेमन, टायगर, बनाना... दहाव्या बोटाला ती थांबली, हसली आणि म्हणाली, "बाकीचं उद्या सांगन. आता उठा बगू, चिंबोऱ्यांचं कालवन निवतंय."

घरात चूलही पेटलेली नव्हती.

"आलो गं," धर्मा म्हणाला, आणि खरंच उठून हात धुवायला गेला.