दोनशे पावलांवरचं घर

संत अपोलोनिया कन्या विद्यालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी बोर्डिंगच्या मुलींना भेटायला त्यांची घरं येत. वेळ दुपारी दोन ते चार, जागा मागचं मैदान. गुरं आणि विहिरी गावीच ठेवून यावं, एवढी एकच अट होती.

नववीतली लविना तुस्कानो रोज घरून येणारी. तिचं घर शाळेच्या भिंतीपलीकडे, दोनशे पावलांवर होतं. त्या रविवारी ती भिंतीशी उभी राहून बघे. तिच्याच बाकावरच्या सेलिना वरठाचं घर जव्हारच्या पलीकडून नव्वद किलोमीटर चालत येई. कुडाचं, बुटकं घर. जोत्यापर्यंत चिखलाने माखलेलं. सेलिना दिसली की त्याचं दार आपणहून उघडे. चार वाजता ती बाहेर येई तेव्हा वेणी घट्ट असे आणि केसांना चुलीचा वास असे. सोमवारी तो वास बाकावर शेजारी येऊन बसला की लविनाच्या पोटात दुखे.

"तुझं बरं आहे," सेलिना एकदा म्हणाली. "तू रोज घरी जातेस."

"मी जाते," लविना म्हणाली. "ते कधी येत नाही."

आपलंही घर भेटीला यावं म्हणून तिने रीतसर अर्ज केला. बोर्डिंगच्या प्रमुख सिस्टर बेनेडिक्टा यांनी तो दोनदा वाचला.

"तू घरी निघालीस आणि तेवढ्यात घर इकडे निघालं, तर चुकामूक होईल," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी एकाने जागेवर राहायला हवं."

"मग मी राहते बोर्डिंगमध्ये, सिस्टर."

वडिलांनी सही केली. आईने दोन दिवस ट्रंक माळ्यावरून काढू दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच ती भरून दिली.

पहिला रविवार आला. दोनला पाच कमी असताना सेलिनाचं घर हजर. मागोमाग अकरा घरं आली. लविनाचं आलं नाही. भिंतीवरून त्याची कौलं दिसत होती. ती हलत नव्हती. अडीच वाजले, तीन वाजले.

"जवळची मंडळीच उशिरा येतात," सिस्टर म्हणाल्या. "चर्चमध्ये मिस्सालासुद्धा तसंच असतं."

चारला वीस कमी असताना ते फाटकातून आत आलं, जिना करकरत, ओटी अंगाशी धरून. दारात आई उभी होती, घामाघूम.

"याला चालायची सवय नाही गं," ती म्हणाली. "सकाळपासून शिकवतेय."

लविना आत गेली नाही. तेवढ्यात सेलिना धावत आली. माडीचं घर तिने जवळून कधी पाहिलं नव्हतं. "वर जाऊ?" तिने विचारलं, आणि लविनाच्या घराने पाठ ताठ केली, जिना खाली सोडला. लविनाने हे बघितलं. आपल्यासाठी त्याने कधी एवढं केलं नव्हतं.

मैदानापलीकडे सेलिनाच्या घरानेही ते बघितलं होतं. त्याने दार अर्धं ओढून घेतलं होतं आणि तोंड दुसरीकडे वळवलं होतं. लविनाला ते रुसणं लगेच ओळखू आलं. ती सरळ तिकडे चालत गेली आणि वाकून आत शिरली. सेलिनाची आई चुलीपाशी सरकली, तिला जागा करून दिली.

"तुझं घर ते का, माडीचं? लांबून आलं?"

"दोनशे पावलांवरून."

सेलिनाच्या आईने तेलाची बाटली पुढे ओढली. "पहिल्यांदाच आलंय ना? मग लांबच म्हणायचं."

चारची घंटा झाली, मुली उतरल्या, घरं गेली. लविनाच्या केसांना आता चुलीचा वास येत होता, पण तो सेलिनाच्या चुलीचा होता.

पुढच्या महिन्यात लविनाचं घर सकाळी साडेनवालाच आलं. मिस्सा सुटली नव्हती. मैदानात सावली देणारी एकच चिंच होती आणि तिच्याखाली इतकी वर्षं सेलिनाचं घर उभं राहायचं. लविनाचं घर बरोबर तिथे उभं राहिलं, ओटी पुरती पसरून.

दोनला पाच कमी असताना सेलिनाचं घर आलं आणि थोडा वेळ थांबून उन्हात गेलं. लविनाने आपल्या घराला सरकायला सांगितलं नाही. ती आत गेली आणि आईपुढे पाठ करून बसली.

"वेणी घट्ट घाल," ती म्हणाली. "तिच्यापेक्षा घट्ट."