शक्यतारावांचा नंबर

कोणता माणूस किती वर्षं जगेल याचा अंदाज बांधण्यासाठी विमा कंपनी ज्यांना पगार देत होती, ते गृहस्थ सलूनच्या बाकावर बसून आपला नंबर कोणत्या खुर्चीवर लागेल याचा अंदाज बांधत होते. कचेरीत त्यांना सगळे शक्यताराव म्हणत. "उद्या येणार ना साहेब?" असं कुणी सहज विचारलं, तरी ते "शक्यता त्र्याण्णव टक्के" असं सांगत. घरी मात्र ही सवय चालत नसे, कारण घरी बायको होती.

सलूनमध्ये खुर्च्या दोन. एक वस्तादांची, म्हणजे मालकांची, आणि दुसरी त्यांच्या मेहुण्याची. शक्यतारावांच्या डोक्यावर मधोमध टक्कल होतं आणि डाव्या कानावर एक लांब बट होती. ती टकलावरून नेऊन उजव्या कानाला टेकवली, की साहेब चारचौघांत वावरायला मोकळे. ही बट बारा वर्षं वस्तादांनी जिवापाड राखली होती. आता उद्या सकाळी दहाला साहेबांचा फोटो होता. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर ते विभागप्रमुख झाले होते, आणि तो फोटो निवृत्तीपर्यंत कचेरीच्या भिंतीवर राहणार होता.

"वस्तादांकडेच बसा हं," बायकोने निघताना बजावलं होतं. "तो मेहुणा सगळ्यांना एकाच मापाने भादरतो म्हणे. भिंतीवर अंडं टांगायची वेळ आणू नका."

त्यांचा नंबर आला, तेव्हा रिकामी झाली ती नेमकी मेहुण्याची खुर्ची.

"या साहेब," मेहुण्याने टॉवेल झटकला.

"यांचं होऊ द्या आधी," शक्यतारावांनी शेजारच्या मिशाळ माणसाला पुढे केलं. "मला काही घाई नाही."

मिशाळ माणसाची नुसती दाढी होती. दहा मिनिटांत ती उरकत आली, आणि वस्तादांचं गिऱ्हाईक मात्र अजून अर्ध्यावर होतं. मेहुणा पुन्हा मोकळा होणार, याची शक्यता शक्यतारावांनी अठ्ठ्याण्णव टक्के धरली आणि मागे बसलेल्या आजोबांचा दंड धरून त्यांना उठवलं.

"अहो, मी तुमच्यानंतर आलोय," आजोबा म्हणाले.

"असू द्या. वडीलधाऱ्यांचा मान आधी."

तेवढ्यात मिशाळ माणूस म्हणाला, "मिशीला रंगही लावून टाक रे." मेहुणा रंग कालवायला गेला. इकडे वस्तादांच्या गिऱ्हाइकाला फोन आला आणि ते "राहू द्या एवढंच" म्हणून उठलं. आजोबा उभेच होते, ते वस्तादांच्या खुर्चीत जाऊन बसले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. आजोबांच्या डोक्यावर मोजून वीसेक केस असतील, पण वस्तादांनी एकेका केसाची स्वतंत्र विचारपूस चालवली.

मिशी रंगली, मेहुणा मोकळा झाला. सुदैवाने त्याच वेळी एक पहारेकरी घाईघाईने आत आला. "कामावर जायचंय हो, उशीर होतोय."

"बसा, बसा," शक्यताराव जवळजवळ ओरडलेच.

"अशी माणसं राहिली नाहीत आता," आजोबा कापडाखालून म्हणाले. मिशाळ माणूस जायला निघाला होता, तोही थांबला आणि त्याने हात जोडले. बावीस वर्षांत शक्यतारावांना कुणी असे हात जोडले नव्हते. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

पहारेकरी गेला. मेहुण्याने पुन्हा टॉवेल झटकला. आता पुढे ढकलायला कुणीच उरलं नव्हतं.

"मी वस्तादांसाठी थांबतो," शक्यताराव खाली बघत म्हणाले.

मेहुण्याने टॉवेल खांद्यावर टाकला. आपल्याच खुर्चीत बसून त्याने पेपर उघडला. आजोबा उठले, आणि वस्तादांनी शक्यतारावांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांना कापड बांधलं, चष्मा काढून घेतला आणि वस्ताद कानाशी वाकले.

"साहेब, आज भरून आलं. म्हणून खरं सांगतो. चार वर्षं झाली, माझा हात थरथरतो. साधं डोकं असलं तर कसंबसं उरकतो, पण नाजूक काम मेहुण्याचं. तुमचा चष्मा निघाला, की मी मागे उभा राहून गप्पा मारतो आणि कात्री तो चालवतो. तुमची बट त्यानेच राखलीय."

शक्यतारावांच्या जिवात जीव आला. "मग बोलवा ना त्यांना."

"छे. सगळ्यांना पुढे सोडून जो माणूस दोन तास माझ्यासाठी थांबला, त्याचं डोकं दुसऱ्याच्या हाती देऊ? आज मीच कापणार. थरथरला हात तर थरथरला."

"धन्य आहे दोघांची," आजोबा म्हणाले. ते आणि मिशाळ माणूस बघायला खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"वस्ताद, मला जरा घाई होती हो."

"घाई? आणि तुम्हाला?" सगळे प्रेमाने हसले.

बट वाचण्याची शक्यता किती, हे शक्यतारावांनी आयुष्यात पहिल्यांदाच काढलं नाही. त्यांना सरळ भीती वाटली. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, हे ठरायच्या आतच डाव्या कानावर कच्चकन आवाज झाला.

चष्मा नसल्यामुळे आरशात काहीच धड दिसत नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या मेहुण्याने पेपर खाली घेतला, त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि घाईघाईने तो पुन्हा तोंडासमोर धरला, एवढं मात्र त्यांना दिसलं.