पुढनं का मागनं?

बाळगोंडा अण्णांनी मला पहिला धक्का दिला तो भर भाजी मंडईत. समोरून टोपीवाला एक म्हातारा येत होता. अण्णांनी त्याला अडवलं, कानामागची जुनी खूण डोळे बारीक करून बघितली आणि चारचौघांत ओरडले, "पावणं, तुमचं डोकं मी आतनं बघितलंय की!"

म्हाताऱ्याच्या पिशवीतली वांगी रस्त्यावर सांडली.

"मुरगूडचं नव्हं तुम्ही? डावीकडं गाठ हुती. काय शिरा हुत्या, द्राक्षाचा मांडव नुसता!" अण्णा वांगी गोळा करत कौतुकानं सांगत होते. नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

अण्णा आमच्या इस्पितळात एक्स-रे काढायचे आणि मी रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फिल्मा सांभाळायचो. माणूस जैन, मूळचा जयसिंगपूरकडचा, लग्न न केलेला. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. पण फिल्म धुवायची खोली काळोखी. त्यामुळे दुपारी दोन वाजल्यापासून दार किलकिलं करून "दिवस मावळला का रं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. नव्या पेशंटांना वाटे, या माणसालाच दिसत नाही, हा आपला फोटो काय काढणार!

तो नव्वदीचा काळ. मेंदूत गाठ असली की मांडीतून नळी घालून रक्तात औषध सोडायचं आणि फोटो काढायचे, एक समोरून, एक बाजूनं. फिल्मवर सगळ्या शिरा एकमेकींवर पडून नुसता गुंता. गाठीला रक्त पुरवणारी शीर पुढून जाते का मागून, हे सर्जननं ओळखायचं कसं? त्यावर अण्णांनी आपला उपाय काढला होता. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणायची, दोन्ही फिल्मा उजेडावर शेजारी टांगायच्या आणि एक डोळा मिटून, पकडीनं वाकवत अख्खं डोकं तारेत उभं करायचं. डॉक्टर ऑपरेशनला जाण्याआधी ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघत. मी एकदा जेवताना चुकून अण्णांचा भलताच डबा उघडला आणि आत कुणाच्या तरी शिरा बघून किंचाळलो. भाकरी दुसऱ्या डब्यात होती.

त्या कामापायी त्यांच्या तोंडात एकच प्रश्न बसला होता, असं आम्ही समजायचो. मी रंकाळ्यावर गेलो होतो म्हटलं, तरी "कुठनं? पुढनं का मागनं?" गारगोटीची यष्टी आली की "पुढनं चढायचं का मागनं?" आम्ही पोरं त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. मी सगळ्यात जास्त.

मग नवं शतक लागलं आणि नवं मशीन आलं. त्याचा हात पेशंटच्या डोक्याभोवती गर्रकन फिरला आणि पडद्यावर शिरांचं झाड उभं राहिलं. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं ते हवं तसं वळवून दाखवलं. पुढून, मागून, खालून.

अण्णा आ वासून बघत राहिले. "आयायाया! परत फिरवा." सात वेळा त्यांनी ते फिरवायला लावलं आणि तडक निघून गेले. मला वाटलं, तार बंद होणार म्हणून रुसले.

दुसऱ्या दिवशी ते हिरव्या लुगड्यात गुंडाळलेल्या दोन फिल्मा घेऊन इंजिनिअरकडे आले. "सायेब, ह्या फोटूवरनं तेवढं फिरवून दाखवा की."

"काका, फोटोवरून नाही होत. पेशंट स्वतः लागतो."

"पेशंट न्हाय की आता," अण्णा म्हणाले.

ते सरळ माझ्या खोलीत आले. मी फिल्मवरचा नंबर वाचला आणि हादरलोच. या दोन फिल्मांपुढे माझ्या रजिस्टरात कित्येक वर्षं 'गहाळ' लिहिलेलं होतं. त्यांच्यावरून मी अख्ख्या इस्पितळाला शिव्या घातल्या होत्या.

"आमची अक्का," अण्णा म्हणाले. "आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. हितं बघ, दोन शिरा एकीवर एक आल्यात. मी तार पुढनं वाकवली. डॉक्टर तसंच गेलं. अक्का टेबलावरनं उठलीच न्हाय. डॉक्टर म्हणालं, गाठच वंगाळ हुती, तुझी तार बरोबर हुती. पण मला बरं वाटावं म्हणून म्हणालं असतील तर? मागनं असली तर?"

माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी हसत होतो ते याला!

मी फिल्म खिडकीकडे धरली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

"पुढनंच आहे, अण्णा."

"व्हय? नीट बघ."

"पुढनंच."

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी लुगड्याची घडी काखेत घातली आणि फिल्मा माझ्या टेबलावर सरकवल्या.

"घे जमा करून," ते म्हणाले. "आणि शेऱ्यात तेवढं लिव. पुढनं हुती म्हणून."

मी 'गहाळ' खोडलं आणि त्यांच्यासमोर, मोठ्या अक्षरात लिहिलं.